चंद्राच्या पुढं

“खिडकीजवळची जागा हवी की मधल्या वाटेजवळची?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

“जिथनं चंद्र दिसेल ती दे,” आक्का म्हणाल्या.

मुलीनं मान वर केली. तिच्या कोटावर ‘सामंत’ अशी पट्टी होती. ती मी वाचून दाखवल्यापासून आक्कांनी इंग्रजीची चिंता सोडून दिली होती.

“आजी, विमानातनं चंद्र म्हणजे...”

“आजी कुणाला म्हणतेस? माझ्या पोराचं लग्न व्हायचंय अजून. आज संकष्टी आहे. नऊ वाजून दहा मिनिटांनी चंद्रोदय. अर्घ्य दिल्याशिवाय मला तोंडात काही घालता येत नाही. सकाळपासून पाण्यावर आहे मी.”

मागं रांगेत कुणीतरी हसलं. मुलगी माझ्याकडं बघू लागली.

“उजवी बाजू द्या,” मी म्हटलं. “आपण वायव्येला जाणार, चंद्र पूर्वेला उगवणार. उजव्या खिडकीतनं जरा मागं वळून बघितलं तर दिसेल.”

“ही भूगोलाची बाई आहे,” आक्कांनी तिला सांगितलं. “पंचवीस वर्षं पृथ्वी फिरवतेय. आणि काय गं, न्यूयॉर्कला पोचायला किती वेळ?”

“लंडनचा थांबा धरून अठरा तास.”

“अठरा?” आक्कांचा चेहरा पडला. “जास्तच आहेत.”

“कशापेक्षा जास्त?” मी विचारलं.

“काही नाही. पिशवी उचल.”

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. आक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. चोविसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि दोन वर्षांच्या अच्युतला कडेवर घेऊन मिरजेला आमच्या घरी आल्या. मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा स्वयंपाकघर त्यांचं होतं आणि पुढंही त्यांचंच राहिलं. अच्युत इंजिनियर झाला, अमेरिकेला गेला, त्याला अकरा वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. मधे एकदाच येऊन गेला. आणि त्या जानेवारीत त्याचा फोन आला, की छातीचं मोठं ऑपरेशन आहे, आई जवळ असली तर बरं. दोन तिकिटं त्यानंच पाठवली. ह्यांना कोर्टातनं रजा मिळेना. मला शाळेनं बिनपगारी रजा दिली, आणि मोडकंतोडकं का होईना, मला इंग्रजी येत होतं. म्हणून मी.

ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं. आक्कांना साखरेचा त्रास होता. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, “यांना उपाशी ठेवू नका. वाटेत काही झालं तर तिकडं मुलाजवळ कोण बसणार?” आणि निघायची तारीख नेमकी चतुर्थीची.

“या महिन्यात सोडा ना आक्का,” मी दोन दिवस विनवत होते.

“त्याच्या छातीवर सुरी चालणार, आणि मी याच महिन्यात सोडू?” त्या म्हणाल्या.

विमान सुटलं तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. आक्का खिडकीशी, मी मधे, माझ्या पलीकडची जागा रिकामी. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी जमीन सोडत होतो. आक्कांनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली. मुंबईचे दिवे खाली तिरके झाले, मग समुद्र, मग काही नाही.

जेवणाची गाडी आली. वाढणारी मुलगी वसईची, ग्लॅडिस नावाची, मराठी बोलणारी.

“मावशी, शाकाहारी आहे. देऊ?”

“ठेव झाकून. नऊ-दहानंतर माझा डबा आहे, तळणीचे मोदक आहेत. तूही घे एक.”

मी पाय मोकळे करायला उठले आणि डाव्या बाजूच्या एका खिडकीतनं पुढं बघितलं, तर पश्चिमेला लाली तशीच होती. मिरजेला दिवेलागणीनंतर अर्ध्या-पाऊण तासात काळोख होतो. इथं दोन तास होत आले तरी ती तांबूस पट्टी विझायचं नाव घेत नव्हती. मला गंमत वाटली. त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नाही.

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली.

“आक्का, झाली वेळ. काढा डबा.”

त्यांनी काचेला गाल लावून मागं बघितलं. “चंद्र कुठाय?”

“पंचांगाप्रमाणं उगवला. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की आपण वेळ बघूनच जेवतो की नाही?”

“तेव्हा तो ढगाआड उगवलेला असतो. इथं ढग कुठायत? सगळे खाली. वर आभाळ लख्ख आहे, चांदण्या मोजून घे. चंद्र दिसत नाही म्हणजे उगवलेला नाही.”

“अहो, मुंबईत उगवला.”

“आपण मुंबईत आहोत?”

त्यांचं बरोबर होतं. भूगोलाच्या बाईनं मुंबईचं घड्याळ बघून समुद्रापलीकडचा चंद्र उगवला म्हणून सांगावं! मी मनातल्या मनात हिशेब मांडला. एका रेखांशाला चार मिनिटं. मुंबईपासून पंधरा-वीस अंश पश्चिमेला आलो असू.

“साडेदहाला दिसेल,” मी सांगितलं.

साडेदहाच्या आधीच मला क्षितिजावर नारिंगी उजेड दिसला. मी जवळजवळ ओरडलेच, “आला! आक्का, आला!”

आक्कांनी हात जोडले, बघितलं आणि हात खाली घेतले. “चंद्र असा हलतो का गं? ती आग आहे.”

खरंच आग होती. एक नव्हे, काळ्या जमिनीवर जागोजाग मोठाल्या ज्वाळा नुसत्या जळत होत्या. आसपास गाव नाही, रस्त्याचा दिवा नाही. ग्लॅडिस म्हणाली, तेलाच्या विहिरी आहेत, वर येणारा वायू तसाच पेटवून देतात. आम्ही दोघी काचेला डोकं लावून बघत राहिलो.

“जमिनीच्या पोटात एवढं जळतंय,” आक्का पुटपुटल्या, “आणि वर माणसं झोपलीयत.”

साडेदहा झाले. चंद्र नाही. सव्वाअकरा. नाही.

“मास्तरीणबाई, कुठवर आला तुमचा चंद्र?”

मी पुन्हा गणित मांडलं, आणि मग माझं चुकतंय कुठं ते कळलं. मी वेळ काढायची ती विमान आत्ता आहे त्या जागेची. ती वेळ येईपर्यंत विमान आणखी पश्चिमेला गेलेलं असायचं, आणि तिथं चंद्रोदय आणखी उशिरा. हे मी आक्कांना सांगितलं.

“म्हणजे तो आपल्या मागनं येतोय, आणि आपण पुढं पळतोय.”

“हो.”

“मग ड्रायव्हरला सांग, जरा हळू चालव म्हणावं. उपाशी बाई आहे गाडीत.”

स्वतःच्या विनोदावर त्या हसल्या, पण हसताना त्यांच्या कपाळावर घाम दिसला. बारा वाजून गेले तशी बोटं थरथरायला लागली. मी हात हातात घेतला तर गार. ग्लॅडिसनं सरबत आणलं, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग डोकं मागं टेकून डोळे मिटले. दिवे मंद केलेले, सगळीकडं पांघरुणं ओढून झोपलेली माणसं. माझ्या डोक्यात एकच विचार, या इथं कोसळल्या तर मी अच्युतला काय तोंड दाखवू? तो तिकडं आईची वाट बघतोय, आणि मी तिला स्ट्रेचरवरनं उतरवून नेऊ?

खोटं बोलायचं मी ठरवलं. डोळा लागलाय तोवर हलवून उठवायचं आणि सांगायचं, ‘आक्का, चंद्र उगवून वर गेला, आता छपरावर आहे, खिडकीतनं दिसायचा नाही.’ त्यांचा हात मी हलवणार, तेवढ्यात वाटलं, खोटं बोलायच्या आधी एकदा बघून तरी घ्यावं. त्यांच्या अंगावरनं वाकून मी काचेला कपाळ लावलं आणि मागं बघितलं.

खाली ढगांचं पठार पसरलं होतं. त्याच्या पार टोकाला एक तांबडी कड दिसत होती.

ती आमच्यापेक्षा खाली होती. जन्मभर चंद्र मान वर करून बघितलेला, आणि इथं मी मान खाली घालून बघत होते. मी वाट बघितली, आता येईल वर, आत्ता येईल. मिरजेला गच्चीवर आरतीचं तबक सारखं करेपर्यंत तो झाडावर येतो. इथं तो येईना. कड तेवढीच. मग जरा जाड. मग पुन्हा तेवढीच, कुणीतरी मागनं धरून ठेवल्यासारखी.

आणि तेव्हा मला ते कळलं, म्हणजे अंगाला कळलं. पंचवीस वर्षं मी फळ्यासमोर उभी राहून सांगत होते, मुलींनो, चंद्र उगवत नाही, पृथ्वी पूर्वेकडं फिरते म्हणून तो दिसायला लागतो. पाठ होतं, तोंडात बसलं होतं. त्या वेळी पृथ्वी माझ्याखालनं पूर्वेकडं चालली होती, चंद्राच्या दिशेनं, आणि आमचं विमान तिच्या पाठीवरनं उलटं पळत होतं. ती आम्हाला चंद्राकडं नेऊ बघत होती, आम्ही तिच्या हातनं निसटत होतो, आणि तरी तिचीच सरशी होती. एवढी मोठी वस्तू, आणि कसला म्हणून आवाज नाही.

“आक्का,” मी म्हटलं. “आक्का, उठा.”

त्यांनी डोळे उघडले, वळून बघितलं. वरच्या बाजूनं पोचा आलेला चतुर्थीचा तांबडा चंद्र आता अर्धा ढगांवर आला होता.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “खालनं आला.”

ग्लॅडिसनं पाण्याचा तांब्या म्हणून एक स्टीलचा जग आणला आणि खाली धरायला ट्रे.

“मावशी, दिवा मात्र नका हं लावू.”

“वेडी का काय तू? विमान जाळू?”

आक्कांनी डबीतली सुपारी ट्रेमध्ये ठेवली, गणपती म्हणून. ओंजळीत पाणी घेतलं. हात थरथरत होते, म्हणून मी खालनं धरले. काचेकडं तोंड करून त्यांनी तीनदा अर्घ्य दिलं. शेजारच्या रांगेतला एक गोरा म्हातारा जागा होऊन बघत होता. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानंही डोक्यावरची टोपी काढली.

“आता कपभर दूध मिळेल का गं? गरम,” आक्का ग्लॅडिसला म्हणाल्या.

दूध पोटात गेलं तसा चेहऱ्यावर रंग आला. माझा जीव भांड्यात पडला. मी डबा उघडला, कागदाच्या रुमालावर दोन मोदक मांडले, त्यांच्यापुढं सरकवले. त्यांनी ते माझ्यापुढं सरकवले.

“तू खा. मी मग खाईन.”

“मग म्हणजे? चंद्र बघितला, अर्घ्य झालं. आता काय राहिलं?”

“हा आपला झाला. अच्युतकडं अजून उगवायचाय.”

मी नुसती बघत राहिले.

“बघतेस काय? तूच सांगितलं होतंस. तो गेला त्या वर्षी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला होतास, रंगवायला. मी म्हटलं, अच्युत कुठं आहे दाखव. तू बोट ठेवलंस आणि म्हणालीस, आक्का, तुमचा चंद्र इथनं तिथं पोचायला साडेदहा तास घेतो. आपण जेवायला बसतो तेव्हा अच्युतच्या डोक्यावर ऊन असतं.”

मला काही आठवत नव्हतं. असं मी वर्गात दरवर्षी सांगत असे. मुलींना मजा वाटायची.

“मग मी विचार केला,” आक्का म्हणाल्या, “उपास मी करते कुणासाठी? त्याच्यासाठी. त्याच्या डोक्यावर ऊन, आणि मी आपली चंद्र आला म्हणून मोदक खायचे? तो कसला त्याचा उपास?”

“म्हणजे तुम्ही, गेली अकरा वर्षं...”

“अर्घ्य देते, दूध घेते. तुम्हाला वाढते. माझं पान झाकून ठेवते आणि सकाळी खाते. तिकडं उगवला की.”

दर संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून रात्रीचा गार भात खात बसलेल्या असत. मी शाळेच्या गडबडीत केस विंचरता विंचरता बघायची. ह्यांना म्हणायचीही, ‘तुमच्या बहिणीला शिळ्याची भारी हौस.’ एका घरात, एका चुलीवर, अकरा वर्षं.

“सांगितलं का नाही कधी?”

“सांगून काय? तू म्हणाली असतीस, आक्का, असं काही शास्त्रात नाही. भटजीही म्हणाले असते, शास्त्रात नाही. तुमचं दोघांचं तेवढ्या एका गोष्टीत जुळलं असतं.”

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही.

“तो चंद्र साडेदहा तासात जातो,” त्या म्हणाल्या, “आणि या एवढ्या धुडाला अठरा तास. मला वाटलं होतं, विमान त्याच्याहून जोरात जात असेल. बरं ते राहू दे. आता अच्युतकडं उगवायला किती तास राहिले ते सांग. बरोबर सांग, मास्तरीणबाई. मला बरं वाटावं म्हणून नको.”

मी हिशेब केला. दोनदा केला.

“सहा तास, आक्का.”

“घरी साडेदहा असतात.” त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडं. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता, लग्नघरात बघितला नव्हता की अच्युतच्या निकालाच्या दिवशी. “बघ प्रमिला. साडेचार तास तर आपण खाऊन टाकले.”

मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. नकाशावर दोरा ठेवून मी ते अंतर मुलींकडनं किती वेळा मोजून घेतलं असेल! हे अंतर कमी होतंय हे पोटात कळणारं माणूस माझ्या शेजारी बसलं होतं.

मी मोदक डब्यात परत ठेवले. माझा उपास नव्हता. पण घास उतरला नसता. ग्लॅडिस येऊन विचारू लागली, “आता तरी जेवण गरम करू का मावशी?”

“नको,” मीच म्हटलं. “आमचा चंद्र अजून उगवायचाय.”

लंडनला आम्हाला एका मोठ्या काचेच्या दालनात बसवलं. तिथंही आक्का खिडकी शोधून उभ्या राहिल्या. चंद्र आता पांढरा होऊन चांगला वर आला होता.

“आपण बसलो की हा पुढं येतो,” त्या म्हणाल्या. “याला कुठं थांबा नाही.”

पुन्हा विमान सुटलं. खाली अटलांटिक, म्हणजे काळोख. माझ्या हातातलं घड्याळ अजून मुंबईचं होतं, त्यात सकाळचे पावणेआठ वाजले. मिरजेला या वेळी दूधवाला येऊन गेलेला असायचा. मी आक्कांच्या दंडाला हात लावला.

“उगवला, आक्का. अच्युतकडं.”

त्यांनी खिडकीकडं बघितलंही नाही. “तू म्हणतेस ना?”

“मी म्हणते.”

त्यांनी डबा उघडला, एक मोदक माझ्या हातावर ठेवला, एक स्वतः घेतला. गार झाला होता, पारी वातड झाली होती. आम्ही दोघींनी तो सावकाश खाल्ला.

अच्युतच्या ऑपरेशनला सबंध दिवस लागला. त्या दिवशी बाहेर बसून आक्कांनी काय काय म्हटलं ते मला ठाऊक नाही, ओठ मात्र हलत होते. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि मी त्यांचं इंग्रजी मराठीत सांगायच्या आधीच त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना डॉक्टरांच्या चेहऱ्यावरनं कळलं होतं.

पुढच्या संकष्टीला आम्ही अच्युतच्या घरी होतो. सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेर बर्फ. तो छातीला उशी धरून हळूहळू चालायला लागला होता. आक्कांनी तिथल्या पिठाचे मोदक केले, ते फुटले, त्याबद्दल त्यांनी अमेरिकेला नावं ठेवली. चंद्र समोरच्या दोन इमारतींच्या फटीतनं वर आला. अच्युतनं आईला हाताला धरून खिडकीशी नेलं. त्यांनी अर्घ्य दिलं. मी सवयीनं दूध तापत ठेवलं होतं.

आक्का वळल्या. दुधाकडं बघितलं, गॅस बंद केला.

“पानं घे गं प्रमिला,” त्या म्हणाल्या. “तिघांची. एकदमच बसू.”